भाकरी विमानाच्या पोटात

भोपाळ

अहो, जय जिनेंद्र.

लेकीकडं सुखरूप पोचले. पण तुमचं ते गुडघ्यांना आराम देणारं विमान! उठताना छताला डोकं आपटलं, गुडघे पुढच्या खुर्चीत रुतलेले. पुण्यापर्यंतची एसटी बरी, कराडला पाय तरी मोकळे केले.

वरचे कप्पे लहान म्हणून दारातच माझी पिशवी काढून घेतली नि खाली सामानात टाकली. भाकरी त्यातच! खिडकीतून दिवस मावळताना नुसती बघत बसले. पिशवी हातात आली तवा अंधार. मग रात्री न खायचा नेम मोडून कसली खाते? लेकीला सांगितलं, वाटेत जेवले.

तुम्ही तरी उजेडात जेवताय ना? का टीव्हीपुढं विसरताय?

येताना रेल्वेनंच येणार. गुडघे दुखले तर दुखू देत, भाकरी मांडीवर राहील.

तुमची,
गुणमाला