पाच श्रोते

गस्टीन, कॅलिफोर्निया
३ एप्रिल २०१९

चि. ओडेत हिस अनेक आशीर्वाद.

तू मोडेस्टोला इदालिना मावशीकडे सुखरूप पोहोचलीस, हे तिच्या निरोपावरून समजले. या घरात टेलिफोन तुझ्या आईच्या अखत्यारीत होता. मला पत्रच जमते, ते गोड मानून घे.

तिला जाऊन आज बावीस दिवस झाले. भाषणकलेच्या वर्गात तू चौथ्या भाषणाला उभी राहिलीस, पण शब्द न फुटल्याने बाहेर निघून आलीस, असे मावशी कळवते. विचारपूर्वक सुचवतो, की तो विषय तू सोडून द्यावास. मी कॉलेजच्या कचेरीत चौकशी केली आहे. बारा तारखेपर्यंत मुदत आहे. त्याआधी सोडल्यास नापासाचा डाग लागत नाही व सरासरी अबाधित राहते, आणि कॉलेजातून पुढे प्रवेश देताना विद्यापीठे पाहतात ती सरासरी. माझ्या वेळी तरी तसेच होते. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीला व्यासपीठ कशाला हवे, हे मला आजवर उमगलेले नाही.

फ्रिजवरचा तक्ता मी उतरवून खणात ठेवला आहे. सर्व शाखांना सामाईक अशा सामान्य शिक्षणाचा एकेक विषय तू पुरा केलास, की आई त्यावर हिरव्या शाईने खूण करीत असे. दूध घेताना दर वेळी तिचे अक्षर समोर येई. राग मानू नकोस.

प्रकृतीस जपावे.

तुझे हित चिंतणारा,
अन्सेल्मो फुर्तादो


मोडेस्टो
११ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. खाली पूर्ण नाव घातलंत, ते मी दुसऱ्या कुणाला बाप समजेन म्हणून का? मावशी म्हणाली, चाळीस वर्षं जमिनी मोजल्या ना, सहीसुद्धा सीमेच्या दगडासारखी ठोकतो.

विषय सोडला. दोन मिनिटांचं काम. घरी येऊन नऊ तास झोपले. विद्यापीठाचं पत्रही आलं, ऑगस्टपासून जागा दिली आहे. खाली बारीक अक्षरात ठरलेले विषय पुरे करण्याची अट आहे, पण या सत्रातले बाकीचे तीन होतीलच.

मावशी विचारते, आई गेली तेव्हा शेजारपाजाऱ्यांनी जेवण आणलं होतं, ती काचेची भांडी परत केलीत का? बुडाला चिकटपट्टीवर नावं असतात. आई आठवड्याच्या आत पोहोचवायची. आणि रिकामी देऊ नका, निदान झाडाची लिंबं तरी घाला.

जेवत जा. आठवण असू द्या.

तुमची,
ओडेत


मोडेस्टो
१९ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

विद्यापीठाने माझा प्रवेश रद्द केला. सामान्य शिक्षणाच्या यादीतले चार विषय असे आहेत की त्यांतून कुणालाच सूट नाही: लेखन, तर्क, गणित आणि भाषणकला. सरासरी कितीही चांगली असली तरी. मी फोन केला, तिथली बाई चांगली बोलली, पण म्हणाली की चारातला एक नाही म्हणजे दारच नाही.

एवढंच लिहायचं होतं.

ओडेत


गस्टीन
२४ जून

चि. ओडेत हिस आशीर्वाद.

तुझे पत्र आल्यावर मी खणातला तक्ता काढला. काढण्यास धैर्य लागले. भाषणकलेच्या ओळीपुढे तुझ्या आईने हिरव्या शाईत लिहून ठेवले आहे: ‘हा चारांतला. काही झालं तरी सोडू द्यायचा नाही. अन्सेल्मोला सांगणे.’

सांगणे राहून गेले. शेवटच्या महिन्यात तिला आपल्याशी बोलण्यासारखे इतर बरेच होते. परंतु तो कागद माझ्या हाताशी होता. मी तो न वाचता उतरवला आणि त्याच दिवशी तुला सल्ला लिहिला. दस्तऐवज न पाहता सीमा आखणाऱ्या हाताखालच्या माणसाला मी एकदा कामावरून काढले होते.

तुझे वर्ष माझ्यामुळे गेले. क्षमा मागण्याची रीत मला अवगत नाही. ही ओळ तशी समजावी.

अन्सेल्मो फुर्तादो


मोडेस्टो
८ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या सल्ल्याचा मला राग नाही. सोडलं मीच, आणि आनंदाने सोडलं. राग दुसऱ्या गोष्टीचा आहे, तो लिहूनच टाकते.

अंत्यविधीला चर्चमध्ये आईविषयी बोलायला मी दोन पानं लिहून नेली होती. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून म्हणालात, ‘तू राहू दे. मी वाचतो.’ आणि तुम्ही तिची जन्मतारीख, लग्नाची तारीख, मृत्यूची तारीख वाचलीत. तीन मिनिटं. खरेदीखत वाचावं तशी. त्यानंतर वर्गात उभी राहिले की ती दोन पानंच घशात अडकायची. चौथं भाषण कसलं करणार?

उन्हाळी सत्रात तोच विषय पुन्हा घेतला आहे, घरबसल्या, कॅमेऱ्यापुढे. नियम असा की समोर पाच प्रौढ श्रोते बसलेले दिसले पाहिजेत. जानेवारीत माझ्या विभागात प्रवेश नाही, म्हणजे पुढच्या ऑगस्टची वाट पाहणं आलंच. शेवटचं भाषण २७ तारखेला, शनिवारी आहे. ते मला आपल्या बैठकीच्या खोलीत करायचं आहे. विषय आई.

तुम्हाला बसवणार नसेल तर बसू नका. पण पाच माणसं जमवा. आई असती तर पंधरा जमवली असती.

ओडेत


गस्टीन
१९ जुलै

चि. ओडेत हिस अनेक आशीर्वाद.

प्रामाणिकपणे लिहितो. पाच माणसे जमवून आपण गॅरेजमध्ये थांबावे, असा माझा बेत होता.

कोणाला बोलवावे हे मला सुचेना. आपल्या दारी येणारी माणसे तुझ्या आईची होती. अखेर कपाटातली काचेची भांडी आठवली. मोजली, ती बरोबर पाच होती. प्रत्येकात सहा लिंबे घातली आणि काल दुपारी निघालो.

होर्तेन्सिया सिल्वेराबाईंनी भांडे घेऊन मला आपादमस्तक न्याहाळले. म्हणाल्या, चार महिने झाले, आम्हाला वाटलं भाताबरोबर भांडंही खाल्लंत. मी शनिवारचे सांगितले. मग म्हणाल्या, खुर्च्या कमी असतील तर घेऊन येऊ. मेंदोसाबाई व बर्नाल पतिपत्नींपैकी बाई येतील. गोठ्यावरचे जॉर्ज आझेवेदो दूध काढणे लवकर उरकून येतो म्हणाले. असे चौघे झाले.

पाचवे भांडे मी आझेवेदोंच्या फाटकाशी उलटे करून पाहिले. पट्टीवर हिरव्या शाईत लिडिया फुर्तादो असे होते, आणि खाली आपलाच पत्ता. केव्हातरी ती ते कोणाच्या तरी दुःखात घेऊन गेली असणार. तिच्या दुःखात ते भरून परत आले. कोणी आणले, हे मला आता शोधून काढता येणार नाही. सहा लिंबे घेऊन मी त्या रस्त्यावर बराच वेळ उभा होतो. देण्यासारखे घर उरले नव्हते.

श्रोते चारच आहेत. नियमावली मागवून वाचली, या वेळी अक्षरन् अक्षर वाचली. नातलग चालतो. पाचवी खुर्ची मी खिडकीकडे, कडेला ठेवीन. कॅमेऱ्यात दिसेन, परंतु बोलताना माझ्याकडे पाहू नकोस, एवढी विनंती.

ती दोन पाने तुझ्याजवळ असतील, तर दोन्ही वाच. मी मध्ये हात घालणार नाही.

बाबा