दार बंद आढळले

६ जानेवारी १९७४
वही एक तारखेला घेतली आणि आज सहा. रोज उद्या लिहू म्हणून उशाखाली सारली, त्यातली दोन पानं तर चुना बांधायला गेली. शाळा सातवीत सुटली, त्यामुळं लिहायचं म्हटलं की मला आधी तहान लागते, मग खिडकीबाहेर काहीतरी दिसतं. असो. मी, मलकापूरचा कृष्णात, कोल्हापुरात नोकरीला लागलो! पन्हाळ्यावर लोकांना किल्ला दाखवून झाला, बिद्रीला एक हंगाम उसाच्या गाड्या हाकून झाल्या, आता पालिकेच्या कायदा शाखेत नोटीसवाला. सायकल, खळीचा डबा, ब्रश. माणूस भेटलं तर नोटीस हातात द्यायची. दार बंद असलं तर दारावर चिकटवायची आणि दोन पंचांसमोर तसा पंचनामा लिहायचा. याच्याइतकं सोपं काम आजवर मिळालं नव्हतं.

१० जानेवारी
गुरुवारी दुपारी तीनला साहेब सुनावणी घेतात. व्हरांड्यात उभं राहून नावं पुकारायची ती मी. एकेक नाव तीनदा. तिसऱ्या हाकेला कुणी 'हजर' म्हटलं नाही की हेडक्लार्क गणपतराव 'गैरहजर' लिहितात आणि निकाल एकतर्फी. माझा आवाज ऐकून म्हणाले, "पावणं, तमाशात जायचं सोडून हिकडं कुठं आला?"
पंचांची सोयही त्यांनीच दाखवली. जिन्याखालच्या चहाच्या गाड्यावर आकाराम आणि चमन दिवसभर बसलेले. कोऱ्या पंचनाम्यांवर दोघांच्या सह्या तयार. दारोदार पंच शोधत फिरायला नको. मला तर लई हुशारी वाटली.

१५ जानेवारी
रस्तारुंदीत जाणाऱ्या एका घराची नोटीस होती. सुलतानबी, एकटी म्हातारी, कापूस पिंजून गाद्या भरते. निघालो, तर वाटेत मलकापूरचा ट्रकवाला भेटला. पन्हाळ्याला चालला होता. वर काय थंडी, काय झुणका! परत आल्यावर सही केलेल्या कागदावर लिहून टाकलं: दार बंद आढळले, घरात कोणी नाही, नोटीस दारास चिकटवली.
नोटीस सायकलच्या पिशवीत आहे. उद्या चिकटवू.

२४ जानेवारी
सुलतानबीला पुकारलं. तीनदा. कोण येणार? गैरहजर. घर पाडायचा हुकूम झाला. नोटीस अजून पिशवीतच.

३० जानेवारी
घर पाडलं. सुलतानबी आत होती.
ताप होता, कानानं कमी, मागच्या खोलीत कापसाच्या ढिगावर निजली होती. पाडणाऱ्या गड्यांनी आत डोकावूनसुद्धा बघितलं नाही. कशाला बघतील? हातात कागद होता, घरात कोणी नाही. माझं अक्षर.
गणपतराव म्हणाले, पंचनामा पक्का आहे, घाबरायचं कारण नाही, चहा घे. तो चहा त्यांच्या तोंडावर फेकायला पाहिजे होता. प्यालो.

५ फेब्रुवारी
तिचा मुलगा दिलदार आला. बिद्रीला कारखान्यावर असतो. पंचनाम्याची नक्कल माझ्यापुढं आपटली. "दार बंद? माझी आई दिवस उगवल्यापासनं दारातच बसायची पिंजायला. कुत्रंबी तिला ओलांडून आत जायचं न्हाय. तू कुठलं दार बघितलंस रे?"
त्यानं कोर्टात दावा लावलाय. मी गेलतो म्हटलं की तो हरला, चूक मेलेलीची. न्हाय म्हटलं की मी तुरुंगात.

१४ फेब्रुवारी
आज भरपाईची सुनावणी, आणि मेलेल्या बाईचं नाव अजून यादीत. का, तर मृत्यूचा दाखला फाइलला लागला नाही! मी पुकारणार नाही म्हणालो. गणपतराव म्हणाले, "नोकरी करायची हाय का मलकापुरात जाऊन म्हशी वळायच्यात?"
पुकारलं. एकदा, दोनदा. व्हरांड्यात लख्ख ऊन. तिसऱ्या हाकेला जिन्याखालनं कापूस पिंजल्याचा आवाज आला, तुंग, तुंग. मग म्हातारीचा आवाज, "आलो की."
सगळ्यांनी ऐकलं. साहेबांनी पाणी मागितलं. गणपतरावांनी मान वर न करता लिहिलं, गैरहजर.

१८ फेब्रुवारी
खळीच्या डब्यात कापूस. झाकण घट्ट होतं. डबा घासला, नवी खळ शिजवली. परत कापूस. ब्रशला, सायकलला, भाकरीत, जिभेवर—
गणपतरावांनी प्रतिज्ञापत्र टाइप करून आणलंय. मी जातीनं जाऊन नोटीस चिकटवली म्हणून. गुरुवारी सही. आकाराम, चमन करणारच. मेली ती, फसलो मी, आणि हा माणूस निवांत मिशीवरचा चहा पुसतो!

२० फेब्रुवारी
दुपारी जेवायला खोलीवर. आतनं कडी घातली. जेवून उठलो तर दारावर नोटीस. आतल्या बाजूनं. खळ ओली. माझंच अक्षर.
कृष्णात, गुरुवारी दुपारी तीन वाजता हजर राहणे.
खाली— दार बंद आढळले. इसम घरात आहे.
मी गेलो नव्हतो. ती आली. येऊन चिकटवली.

२१ फेब्रुवारी, दुपार
सही करणार नाही म्हटलं. गणपतरावांनी दप्तरखान्यात कोंडलंय. बाहेरनं कुलूप. म्हणाले, खरं लिहायचंय तर लिही की, पण तुला पंच कोण मिळणार?
लिहितो. मी सुलतानबीच्या दारात गेलोच नाही. दार उघडं का बंद, बघितलं नाही. पन्हाळ्याला होतो. नोटीस ही घ्या, या पानाला चिकटवतो. कापूस लागतोय, लागू दे.
तीन वाजले.
माझं नाव पुकारतंय कोणतरी. बाईचा आवाज—
एकदा—
दोनदा—
हजर! हजर म्हणालो मी! ऐका की!
पंच १ :
पंच २ :
आकाराम दाराबाहेरनं ओरडतोय, पावणं, कोण म्हातारी आलीया बघा, अंगभर कापूस हाय, पंच म्हणून आलोया म्हणती, अंगठा कुठं उठवू इचारती, अवं, कुलूप तर हाय तसंच हाय, पर ती आत—