भुमक मुर्द्याला शिवला त्या दिवशी

बा, मी आता इस्राएलात आहे. हा देश कुठं असतो ते विमानात बसेपर्यंत मलाही धड माहीत नव्हतं. नागपूर झालं, हैदराबाद झालं, आता इथं बिल्डिंगींच्या सळाखा बांधून राहिलो. आमच्या साइटला लागून कबरस्तान आहे आणि बस पलीकडं थांबते. आम्ही सगळे मधूनच येतो, पण एक इंजिनिअर साहेब भर उन्हात पूर्ण वळसा घालून येतो. मी त्याला हसलो तर स्टोअरवरचा म्हातारा माझ्यावर तडकला. हा म्हातारा अलिबागकडचा यहुदी, पोरवयात इकडं आला, पण मराठी सोडली नाही. म्हणाला, "दात काय काढतोस रे गोंदियावाल्या? कोहेन आहे तो, पुजाऱ्यांच्या घराण्यातला. मढ्याजवळ जायचं नाही त्यानं."

मग जेवणाच्या सुट्टीत तो मला रोज थोडं थोडं सांगायला लागला. त्यांचं देऊळ कधीचं पडलं, पण नेम अजून पाठ आहेत. पुजाऱ्यानं पहाटे वेदीवरची राख काढायची, मग कपडे बदलून ती वस्तीबाहेर नेऊन टाकायची. हातपाय न धुता वेदीशी गेला तर मरण. मोठ्या पुजाऱ्याच्या झग्याला खाली घुंगरं, ती न वाजवता आत गेला तरी मरण. पहिल्या पुजाऱ्याच्या दोन पोरांनी देवानं न सांगितलेली आग आत नेली, ते तिथंच जळून गेले, आणि बापाला रडायचीही मुभा नव्हती. मी म्हटलं, "काका, हे तर माझ्या बापाचं काम." म्हातारा म्हणाला, "हो का? तुझा बाप कुठला कोहेन?" मी म्हटलं, "कोहेन नाही. भुमक. गावाचा पुजारी."

आणि मग सांगत सुटलो. बिदरी म्हणजे पेरणीआधीची बियाची पूजा, हे आधी त्याला सांगावं लागलं. बिदरीच्या आदल्या दिवसापासून तू पाण्यावर राहायचास, खाटेवर पाठ टेकवायचा नाहीस, पायात चप्पल नाही. घरोघरचं धानाचं बी मातामायपुढं एका ढिगात यायचं, तू पूजा करून ते ओंजळीनं परत वाटायचास, आणि त्याशिवाय गावात कोणी पेरत नसे. पाणी लांबलं की लोक आभाळाकडं नाही, तुझ्याकडं बघायचे. सातवी सोडलेल्या मला तू मंतर शिकवत होतास, आणि मी एका जागी दोन घटका बसत नव्हतो.

त्या वर्षी बिदरीच्याच सकाळी एष्टीच्या शेडात येऊन पडलेला एक म्हातारा मेला. कुठला, कोण, कोणाला माहीत नाही. लोक लांब उभे. कुत्री जवळ येऊन राहिली होती. मी एकोणीसचा, बियाची टोपली घेऊन तुझ्या मागं.

पोलीस पाटील म्हणाला, "दुपारून पाहू. आंदी बिदरी उरकू दे. त्याची जात बी मालूम नाई."

"कुत्रे थांबतीन का दुपारपर्यंत?" तू म्हणालास.

"भुमका, तू शिवू नको बरं. गावाचा धान बुडवशीन."

तू माझ्याकडं वळलास. "बाबू, त्याचे पाय धर."

मी मागं सरलो. "मी कायले शिवू? घरातला एक तरी चोखा पाहिजे ना बिदरीले."

तू वाकलास. त्याला खांद्यावर टाकून एकटा निघालास, खड्डाही एकट्यानं खणलास. इकडं गावानं मला पुढं केलं आणि मी बिदरी केली. संध्याकाळी तू बोअरिंगवर आंघोळ करून आलास, तरी कोपरापर्यंत माती होतीच. एवढंच विचारलंस, "मंतर बराबर म्हनला ना?" त्यानंतर गावानं तुला मातामायपाशी बोलावलं नाही. पुढच्या साली मीच, आणि त्याच्या पुढच्या साली तू नव्हतास. मग मीही गाव सोडलं.

मी सांगितलं तेवढं ऐकून स्टोअरवरचा म्हातारा जेवायचा थांबला. म्हणाला, "आमच्यात मोठा पुजारी स्वतःच्या आईबापाच्या मढ्यालाही शिवत नाही. पण ज्याला कोणी नाही असा मुर्दा वाटेत दिसला, तर पूजेला निघालेल्या त्या मोठ्या पुजाऱ्यानंसुद्धा थांबायचं आणि त्याला माती द्यायची. तसा नेमच आहे."

बा, तुला हा नेम कोणी सांगितला नव्हता. गावानं तुझी बिदरी काढून घेतली आणि तू एकदाही म्हणाला नाहीस की माझं बरोबर होतं. मी आता म्हणतो. पूर्ण साइटवर सांगितलं, माझा बाप भुमक होता म्हणून. त्या साहेबालाही म्हाताऱ्यानं सांगितलं, तर तो स्वतः येऊन माझा हात धरून गेला.

हे कागद वहीतच राहतील, पिशवीच्या तळाशी. म्हाताऱ्याला मराठी वाचता येतं. त्यानं विचारलं होतं, "तेव्हा तू काय केलंस?" आणि मी म्हटलं, "पाय मी धरले होते."