भुवयांमधली जागा

मखमलाबाद, नाशिक
दसऱ्यानंतरचा गुरुवार

प्रिय ज्योत्स्ना,

फोन हाताशी असताना सासू पत्र लिहीत बसली, याचं तुला हसू येईल. येऊ दे. फोनवर तू ‘आई’ म्हणालीस की मी तुला झेंडूचे भाव सांगत बसते. जे बोलायचं ते राहूनच जातं. परवा तुझा भाऊ ललित ट्रॅक्टरचं सामान घ्यायला नाशिकला आला होता, तो घरी चहाला थांबला. त्याच्याकडून कळलं की ओझरच्या स्थळाला तू नाही म्हणालीस. कारण काय, तर आई एकट्या पडतील. वा गं वा! मला विचारायचं तरी होतंस.

मी मजेत आहे, असं लिहिणार होते. पण तुला माझं खोटं लगेच कळतं, म्हणून खरं लिहिते. दसऱ्याला झेंडू भरपूर आला आणि भाव पडला. शेवंती बरी गेली. गजरे विणायला मी ओसरीत बसते तेव्हा पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवते आणि फुलं घ्यायला डावीकडे हात करते, कारण डावीकडे तू असायचीस, दोन दोन फुलं जुळवून माझ्या हातात ठेवायचीस. हात तसाच पुढे राहतो. मग मीच हसते आणि टोपली जवळ ओढते. सकाळी चहाला अजून दोन कप पाणी ठेवते. एवढंच. याला एकटं पडणं म्हणत असतील तर पडले आहे, पण त्याने कुणी मरत नाही.

ललितने आणखी एक गोष्ट सांगितली. म्हणाला, ताई दिवसातून दोनदा आरशापुढे बसते आणि चिमट्याने दोन भुवयांच्या मधले केस उपटते. नसलेले सुद्धा उपटते. तिथली कातडी लाल झाली आहे, एकदा पिकली पण होती. ज्योत्स्ना, असं नसतं गं करायचं. मी तुला शिकवलं ते सगळं विसरलीस का? आयब्रो करायच्या तर दारातल्या उजेडात बसायचं, दिव्याखाली नाही. आधी कोमट पाण्याचा कपडा ठेवायचा. जुन्या टूथब्रशने केस वर विंचरायचे आणि मग आरसा लांब धरून बघायचं, कारण जवळून बघितलं की प्रत्येक केस नकोसा वाटतो. खालचेच केस काढायचे, वरची रेघ सोडायची. विरळ असेल तिथे पेन्सिल केसासारखीच आखूड आखूड ओढायची, एकसलग रेघ मारली की सोंगाड्यासारखं दिसतं. आणि एक भुवई दुसरीसारखी करायच्या नादात दोन्ही घालवायच्या नाहीत. त्या सख्ख्या बहिणी आहेत, जुळ्या नव्हेत.

तुझ्या मात्र जन्मतःच हातात हात घालून आलेल्या. आम्ही चांदवडला तुला बघायला आलो तेव्हा तू पोह्यांचा ट्रे घेऊन आलीस आणि आमच्या ठमावन्सं माझ्या कानात म्हणाल्या, “जुळल्या भुवयांची हाय गं, घर जुळवून ठेवील.” सख्खी आत्या असं म्हणते म्हटल्यावर मयूर तर खूशच झाला. परत येताना सबंध रस्ताभर त्याला तेवढंच सुचत होतं. लग्नानंतर तू एकदा शेजारच्या दिशाच्या पार्लरमध्ये जाऊन मधले केस काढून यायचं म्हणालीस, तर त्याने केवढा दंगा केला. म्हणाला, रामवाडीचा पूल पाडशील तर मी गोदावरी ओलांडायची कशी? आणि तुझ्या एका भुवईवरून दुसरीवर बोट चालवत नेलं, माझ्यासमोर! मी तोंड फिरवून फुलांवर पाणी मारायला गेले. तेव्हापासून तू तिथे कधी दोरा लावू दिला नाहीस.

मग तो गेला. फुलांचा टेम्पो घेऊन गेला आणि हायवेवर टायर फुटलं. ते दिवस मी लिहीत नाही, तू होतीसच. पण दहाव्याच्या दुपारी त्याच ठमावन्सं, त्याच तोंडाने, भरल्या ओसरीत म्हणाल्या, “जुळल्या भुवयांची बाय, नवऱ्याला खाय. मी तवाच बोलले व्हते.” मी त्यांना हाताला धरून फाटकाबाहेर नेलं आणि सांगितलं की तुमचा भाचा गेला त्याचं सुतक धरा नाहीतर सोडा, या घरात परत यायचं नाही. आजतागायत आल्या नाहीत. पण फाटक लावून मी वळले तोवर तू मोरीत जाऊन कडी लावली होतीस. बाहेर आलीस तेव्हा तुझ्या हातात मयूरचं दाढीचं रेझर होतं आणि चेहऱ्यावर एकही भुवई नव्हती. डाव्या डोळ्यावरून रक्ताची धार आलेली. कपाळ कुठे संपतं आणि डोळे कुठे सुरू होतात तेच कळेना. ज्योत्स्ना, खरं सांगते, मयूरला आणलं तेव्हा मी ओरडले नव्हते. तुला तशी बघून ओरडले.

भुवया परत यायला फार वेळ लागला, आणि तुला तर माणसांसमोर यायचं नव्हतं. पहिल्या दिवशी मी काजळाने काढून दिल्या, त्या उन्हात ओघळून गालावर आल्या. मग दिशाकडून तपकिरी पेन्सिल आणली. रोज सकाळी फुलं तोडून आलो की तू दारात पाटावर बसायचीस आणि मी तुझी हनुवटी डाव्या हातात धरून पेन्सिलीने एक एक केस रेखायची. तू डोळे मिटून घ्यायचीस. मिटल्या पापण्यांतून पाणी यायचं, ते मी पदराने टिपायची आणि पुढचा केस रेखायची. तुला आज सांगते, मयूर लहान असताना त्याचं तोंड असं धरून मी त्याला तीट लावायची. तो गेल्यावर माझ्या हाताला धरायला चेहराच उरला नव्हता. तू तुझा दिलास. लोक म्हणायचे, छायाने सुनेला किती सांभाळलं. लोकांना काय ठाऊक, कोण कुणाला सांभाळत होतं.

पुढे केस आले, वेडेवाकडे. पार्लरमध्ये जायचं तर गल्ली बोलणार, नवरा गेला अन् हिला नखरे सुचतात. म्हणून मी म्हटलं, दोरा धरायला मला कुणी शिकवायला नको, जन्म गेला दोरा दातात धरून. दिशाच्या मोबाइलवर बघून घेतलं आणि बसले ऐटीत. आठवतंय? आम्ही हारवाले दोरा आधी पाण्यात बुडवतो, गाठ घट्ट बसावी म्हणून. मी सवयीने तोच घेतला, हाराचा जाड दोरा, ओला करून! पीळ सरकेना, मी दाताने जोर लावला, आणि तुझी अर्धी भुवई माझ्या दोऱ्यात. तू आरसा बघितलास, मी तुझ्याकडे बघितलं, आणि तू हसलीस. मयूर गेल्यानंतर पहिल्यांदा. मी पण हसले, आणि मग दोघींना एकदमच लाज वाटली, घरात हसू आलं याची. त्याच्या फोटोकडे बघायची हिंमत झाली नाही. आता वाटतं, त्याने तर टाळीच दिली असती.

नंतर माझा हात बसला. मऊ कोरडा दोरा, हलकी ओढ. पण एक गोष्ट तू कधी चुकू दिली नाहीस. बाकी भुवया जशा होतील तशा होऊ देत, मधले केस आधी काढायला लावायचीस. आठवडा झाला की, आई, मधलं बघा ना. मी बघायची. मला वाटायचं, जखम आहे, भरेल हळूहळू. चार महिन्यांपूर्वी मीच तुझी बॅग भरून तुला माहेरी पाठवलं, तेव्हाही निघताना तू दारात बसून तेवढं करून घेतलंस. तुझ्या आईला वाटलं मी तुला काढून दिलं. वाटू दे. एकोणतिशीच्या मुलीने सासूच्या पायाजवळ बसून गजऱ्यांना फुलं पुरवत म्हातारं व्हायचं नसतं.

आणि आता ज्यासाठी हे पत्र, ते. ललित उठताना दारात घुटमळला. म्हणाला, मावशी, तुमचं एकटेपण हे सांगायचं कारण आहे. खरं ती मला एकदाच बोलली, “ललित, माझ्या भुवया बघितल्यास का? एक घर बुडवलं मी, दुसरं नाही बुडवायचं.” ज्योत्स्ना, तू ते दोन वर्षं उराशी धरून बसलीस आणि मी आठवड्याला दोरा घेऊन तुला मदत करत होते! ऐक आता. मी पोलीस चौकीच्या आवारात तो टेम्पो बघितला आहे. पुढचं टायर झिजून गुळगुळीत झालं होतं, आतल्या तारा दिसत होत्या. माझा मुलगा टायरने गेला. माझ्या भुवया तर आहेत की नाहीत अशा विरळ, तरी तुझे सासरे पंचेचाळिशीत गेलेच. आणि ओझरच्या त्या मुलाची, जीवनची, पहिली बायको काविळीने गेली, तेव्हा त्याच्या भुवया कुणी मोजल्या? मी काल त्या लोकांना फोन केला. म्हटलं, मी ज्योत्स्नाची सासू बोलते, तिचं ‘नाही’ मनावर घेऊ नका, तुळशीचं लग्न होऊ द्या आणि मग चांदवडला तिच्या घरी या. ते थांबायला तयार आहेत. मधले केस यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. तो चिमटा ललितजवळ दे, तो मला आणून देईल. बाजूच्या भुवया नीट कर, विरळ असेल तिथे भर, पण मधल्या जागेला हात लावू नकोस. माझ्या दारात आलीस त्याच चेहऱ्याने त्यांच्यासमोर बस. मी येणार नाही. पहिल्या घरचं माणूस दुसऱ्या लग्नात नसावं म्हणतात. मी असलं काही मानत नाही, पण एवढं एक पाळणार आहे, कारण तुला नटलेली बघून मला हसता येणार नाही. गजरा मात्र माझ्या हातचाच येईल. या पत्राचं उत्तर मला पाठवू नकोस. ओझरला दे.

तुझीच,
आई