कुकरमधला पिझ्झा

रविवार, संध्याकाळ. जवळा बाजार.

लेक नांदेडहून सुटीला आलीय. तिथं बड्या कंपनीच्या दुकानात मिळणाऱ्या पिझ्झ्याला म्हणे चीजची हातभर तार निघते. काल वारंगा फाट्यावरचा आणला, तर त्याला तिनं नाक मुरडलं. म्हणून आज ईर्ष्येनं मीच कुकरमध्ये केला. काहून केला कोण जाणे. खालून जरा करपला. तार तर बोटभरही निघाली न्हाई. ह्यांनी एक घास खाल्ला अन् म्हणाले, "धपाटं बराबर जमलंय. पण दही कुठंय?"

रागवावं का हसावं, कळंना. लेक उठली, दह्याची वाटी घेऊन आली. मी चहा टाकून येईस्तोवर बापलेकीनं ताट पुसून खाल्लं. कसा झाला होता, मला अजून ठाऊक न्हाई.