लंबकाचे बनवलेले आकडे

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, म्हणजे हे सांगायला मी जरा उशीरच केला. गुडगावचं आपलं इंजिनिअरिंग कॉलेज तेव्हा नवंकोरं, भिंतींना रंगसुद्धा नव्हता. शेजारी फ्लॅटच्या टॉवरचा पाया चाललाय, लोखंडी खांब ठोकतायत आणि प्रत्येक ठोक्याला फिजिक्स लॅबचं टेबल थरथरतंय. करोल बागेतून दोन बस बदलून मी दमलेय. गुरुत्वाकर्षणाचा 'जी' काढायला लंबकाची आंदोलनं घड्याळ लावून मोजत बसण्यापेक्षा मैत्रिणीचा सल्ला सोपा वाटतो: "यार, उलटा लगा ले. जी की वैल्यू नौ पॉइंट आठ मान, टाइम अपने आप निकल आएगा." सगळा वर्ग तेच करायचा. उत्तर पुस्तकातून घ्यायचं आणि त्यावरून मागे जात वेळेचे आकडे फाइलमध्ये भरायचे.

तुम्ही फाइल पाहिलीत, चष्मा कपाळावर नेलात आणि वर्गात कायम हिंदी बोलणारे तुम्ही एकदम मराठीत आलात. तेव्हाच कळलं, आता आपलं काही खरं नाही. "अगं, अख्खी बिल्डिंग हलतेय आणि तुझाच लंबक तेवढा समाधी लावून बसलाय? नऊ पॉइंट आठ पुस्तकाचं. तुझं किती? उद्या परत कर. चुकलं तरी चालेल, बिल्कुल चालेल. खोटं नको." घरच्यांखेरीज 'तुला जमेल' म्हणणारे तुम्ही एकटेच होतात. तुमच्या मनातून उतरणं मला नापास होण्यापेक्षा जड होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नऊ पॉइंट सहा लिहून दिलं आणि तुम्ही फाइल वर्गभर फिरवलीत: "देखो, ये है असली रीडिंग."

आता मी नोएडात पहिल्या वर्षाला हेच शिकवते. परवा एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅम, गलत आया है, नौ पॉइंट पाँच." मी पूर्ण मार्क दिले. मग दोघींनी मिळून चूक शोधली. तिनं दोरा गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या टोकापर्यंतच मोजला होता. काय खुलली पोरगी! तुम्ही हवे होतात, सर. फार वाटलं.

हे पत्र टाकायला आता पत्ताच नाही, म्हणून लिहायला धीर होतोय. ते नऊ पॉइंट सहाही मी घरी बसून बनवलं होतं. तुम्ही कौतुक केलंत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी कॉलेज सुटल्यावर लॅब असिस्टंटला विनवून मी एकटीनं पहिल्यांदा खरोखर मोजलं. नऊ पॉइंट तीन आलं. इतकं वाईट उत्तर, आणि मी बसमध्ये घरी पोचेपर्यंत हसत होते. पण तुम्हाला दाखवायची हिंमत मात्र झाली नाही.