मयताच्या फोटोची लेन्स

पप्पा, तुमच्या दोन्ही लेन्स अजून माझ्याकडेच आहेत. परवा दुकानात एक मुलगी आली होती, गळ्यात जुना रेंजफाइंडर कॅमेरा अडकवून. त्यावर जुन्या काळची पन्नास एमएमची लेन्स घेऊ की आताची नवी, असं विचारत होती. मी म्हटलं, चेहरे काढणार असशील तर जुनी, भिंती काढणार असशील तर नवी. ती खूश होऊन गेली. खरं उत्तर दिलं असतं तर कॅमेरा तिथेच टाकून पळाली असती. म्हणून ते तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही कुठे पळणार?

जुनी तुम्हाला कॅमेऱ्याबरोबरच मिळाली होती, बोटीवरून परतलेल्या एका खलाशाकडून. वापरण्याआधी पुढे ओढून, पिळून बसवावी लागणारी. नवी काकांनी कुवेतहून आणली, काळीभोर आणि जड. तुम्ही काकांनाच सांडोरच्या आपल्या अंगणात खुर्चीवर बसवलंत, दोन्हींनी त्यांचे फोटो काढलेत आणि धुऊन दोरीवर शेजारी शेजारी लावलेत. जुनीत काका नुकतेच आंघोळ करून आल्यासारखे दिसत होते. नवीत त्यांचे देवीचे व्रण, दाढी करताना कापलेलं, डोळ्यांखालच्या पिशव्या, काही म्हणता काही सुटलं नव्हतं. एवढ्या लांबून आणली ती माझीच बदनामी करायला का, असं काका म्हणाले. आम्ही सगळे हसलो, तुम्ही हसला नाहीत. "हिला दया नाही," एवढंच म्हणालात. मग नियम ठरला. चर्च, मांडव, बँडवाले नवीने काढायचे, नवरीचा चेहरा जुनीने. आणि मयताला कायम जुनीच. आपल्याकडे मयत चर्चला नेण्याआधी उघडी पेटी अंगणात ठेवतात, डोक्याकडची बाजू जरा उचलून घेतात, आणि सगळं गणगोत भोवती उभं राहतं. त्या फोटोची प्रत प्रत्येक नातेवाइकाच्या घरी जाते, आखातात आणि बोटींवर असलेल्यांनाही जाते. ज्याला येता आलं नाही, त्याने फोटो बघून घाबरू नये, असं तुम्ही म्हणायचात.

आपल्या या रेंजफाइंडर कॅमेऱ्याची एक गोम आहे. आपण लेन्समधून बघतच नाही, शेजारच्या छोट्या खिडकीतून बघतो. खिडकीत दोन्ही लेन्स सारख्याच, फरक कळतो तो रोल धुतल्यावर. एका बाप्तिस्म्याला मी जुनी लेन्स पुढे ओढायचीच विसरले. खिडकीत बाळ छान दिसत होतं, रोल मात्र सगळा धुरकट आला. बाळाच्या घरच्यांसमोर तुम्ही माझ्या कानाखाली अशी वाजवलीत की कानातला डूल उडून काउंटरखाली गेला. लग्नाच्या वयाची होते मी, निम्मं दुकान सांभाळत होते. त्या दिवशी तुमचा हात मोडावासा वाटला होता मला. तो पुढे दुसऱ्यांनी मोडला.

उमेळ्याची मावशी, म्हणजे आईची मावसबहीण, आणि मावसा आपली वाडी बिल्डरला द्यायला तयार नव्हते. आधी त्यांची केळी कापली. मावशी सकाळी गेली तर अख्खी बाग कमरेएवढी उरलेली, घड चिखलात, आणि कापलेल्या प्रत्येक खांबातून पाणी गळत होतं. तरी मावसा बधले नाहीत. मग एका सकाळी विहिरीवर पंप चालू असताना तिघांनी त्यांना गाठलं आणि बांधकामाच्या पिळाच्या सळ्यांनी मारलं. पंपाच्या आवाजात त्यांचं ओरडणं कोणाला ऐकू गेलं नाही. मावशी चहा घेऊन पोचली तेव्हा ते तिघे पळत होते, आणि त्यांतला एक तिने ओळखला. आपल्याच धर्मग्रामातला, म्हणजे आपल्याच चर्चचा, ज्याच्या लहानपणी पहिल्या कम्युनियनचा, चर्चमधल्या पहिल्या प्रसादाचा, फोटो तुम्ही काढला होता. मावसा जागीच गेले, पण पोलिसांच्या कागदावर आलं की त्यांचा पाय घसरला आणि कपाळ विहिरीच्या कठड्यावर आपटलं. मावसांचा सख्खा भाऊही तेच सांगत फिरत होता. त्याच्या वाटणीचा सौदा आधीच झाला होता.

मयताचा दिवस मला अजून समोर दिसतो. अंगणात पेटी आहे, मावसांना लग्नातला कोट घातलाय. भावाने त्यांच्या कपाळावर पावडर थापली आहे, इतकी की ते नाटकातले राजे दिसतात. फाटकाशी दोन अनोळखी माणसं पुष्पचक्र घेऊन उभी आहेत, कोणी त्यांना आत या म्हणत नाही, जा म्हणायची हिंमतही कोणाला नाही. तुम्ही जुनी लेन्स ओढून तयार आहात. तेवढ्यात मावशी वाकते, पदराचं टोक पाण्यात बुडवते आणि नवऱ्याचं कपाळ पुसते. भाऊ तिचा हात धरायला जातो, ती झटकते. पावडरीखालून सळईचे पीळ दिसायला लागतात, तिरके, एकाखाली एक. कुठल्या कठड्याला असे पीळ असतात? मावशी तुमच्याकडे बघते आणि म्हणते, "भावजी, आता काढा."

तुम्ही जुनी उतरवलीत आणि माझ्यापुढे हात केलात. त्या अंगणात त्याचा अर्थ फक्त मला कळला. फाटकातली माणसं आपल्याकडेच बघत होती. मी पिशवीतून नवी काढून तुमच्या तळहातावर ठेवली.

प्रती तुम्ही दोन दिवसांत वाटल्यात, रिवाजाप्रमाणे, घरोघर. त्यानंतर ते मारणारे दुकानात आले, भर दुपारी. निगेटिव्ह मागितली, तुम्ही लगेच दिलीत. आता सगळ्या घरांतून फोटो गोळा करत बसा, असंही म्हणालात. पप्पा, ते म्हणायची काय गरज होती? कम्युनियनवाल्याने तुमचा उजवा हात कागद कापायच्या टेबलावर दाबून धरला आणि सळईने ठेचला. हाडांचा आवाज मी ऐकला. मी स्टँड उचलून त्याच्या पाठीत घातला, दुसऱ्याने मला भिंतीवर फेकलं. फोटो इतक्या घरांत पोचला होता की घसरून पडल्याची गोष्ट कोणी पुन्हा तोंडातून काढली नाही. केस उभी राहिली, मारणारे आत गेले. मारायला पाठवणारा गेला नाही, त्या वाडीत त्याच्या इमारती आहेत. आई तुम्हाला घास भरवायची आणि एकदाच म्हणाली की जुनी लावली असती तर हात राहिला असता. तुम्ही डाव्या हाताने ताट भिरकावलंत. कालवण भिंतीवरून ओघळत होतं आणि आई ते पुसत होती. तेव्हा मी तुमच्या बाजूची नव्हते, हे सांगून ठेवते.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी कम्युनियनवाला सुटून आला, आणि त्याच्याच माणसांनी त्याला जूचंद्रच्या रस्त्यावर कोयत्यांनी तोडलं. मारणारे जागेवरच पकडले गेले, फोटोने सिद्ध करायचं काही उरलं नव्हतं. त्याची आई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. "बाय, फोटूला कोन येत नाय. तू तरी चल." मी दार लावून घेणार होते. मग दोन्ही लेन्स पिशवीत टाकल्या आणि गेले, आणि जाताना मनात नवीच होती. त्याच्या गालावरची चीर, तुटलेला कान, सगळं लख्ख दिसावं, असं वाटत होतं. अंगणात गणगोत नव्हतं. पेटीशी एकटी ती, आणि लांब उभे फादर. तिने मुलाची कॉलर सारखी केली, मग पुन्हा सारखी केली. मी नवी हातात घेतली होती, ती परत ठेवली. जुनी लावली, पुढे ओढली, पिळून बसवली. दया आली असं समजू नका. तुमचाच नियम पाळत होते, म्हणून त्याच्याइतकाच तुमचाही राग येत होता. किती प्रती काढू, असं मी विचारलं. ती म्हणाली, एकच.

हे पत्र तुमच्या कबरीवरच्या क्रॉसपाशी ठेवावं म्हटलं तर आई दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर फुलं घेऊन तिथे येते, आणि मी त्या घरी गेले होते हे तिला ठाऊक नाही. म्हणून हे कुठेच जाणार नाही. मी फोटो नेऊन दिला तेव्हा त्या बाईने तो उजेडात धरला, त्याच्या गालावरून बोट फिरवलं, आणि तिचं बोट कुठेही अडलं नाही. ते बघून मला बरं वाटलं, पप्पा. तुमचा हात मोडणाऱ्याच्या घरात उभी राहून मला बरं वाटलं, आणि हे मी आईला कधीच सांगू शकणार नाही.